कोठाराच्या पोटात

दोस्तहो, किल्ला म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? तोफा, बुरूज, खंदक, चोरवाट! छत्रपती संभाजीनगरची मुलं सहलीला दौलताबादला जातात, त्या काळोख्या अंधारीतून किंचाळत बाहेर पडतात. पण “सर, आम्हाला कोठार दाखवा” असं म्हणणारा पठ्ठ्या अजून माझ्या पाहण्यात नाही.

मग याच किल्ल्याची एक हकिगत ऐका. तेव्हा त्याचं नाव होतं देवगिरी. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. राजा रामदेवराव यादव घाईघाईने किल्ल्यात शिरला. व्यापाऱ्यांची पोती जवळच पडली होती. ती धान्याचीच असणार, असं समजून शिपायांनी आत ओढून घेतली. वेढा पडला, पोती उघडली, आणि बघतात तर काय, आत मीठ! मीठ खाऊन कुणी लढतं का? शेवटी राजाला तह करावा लागला. फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. (तो तीनशे वर्षांनंतरचा, एवढं ध्यानात असू द्या.)

म्हणजे धान्य आधीच भरून ठेवायला हवं. पण त्यासाठी नुसती मोठी खोली बांधली की झालं? छे! एक गंमत करा. कागदाच्या पिशवीत काठोकाठ ज्वारी भरा आणि पिशवी उभी ठेवा. पोट फुगलं ना? धान्य खाली दाबतं तसंच बाजूलाही ढकलतं. कोठाराच्या भिंतींना रात्रंदिवस हा रेटा सोसावा लागतो. शिवाय ओल, उंदीर आणि किडे आहेतच टपलेले.

आपल्या मराठवाड्यातल्या लोकांनी यावर छान तोड काढली होती. जुन्या वाड्यात ‘बळद’ असायचं. भिंतीलगतची अरुंद, बंदिस्त कोठडीच म्हणा ना. वर माळवदावरच्या तोंडातून धान्य ओतायचं, तोंड बंद करायचं आणि लागेल तसं खालच्या भोकातून काढून घ्यायचं. जाड भिंतींमुळे आत ऊन नाही, पाऊस नाही.

आता हेच बळद राक्षसाएवढं मोठं करा. कोल्हापूरजवळच्या पन्हाळगडावर ते सापडेल! तिथल्या अंबरखान्यात तीन कोठारं आहेत: गंगा, यमुना आणि सरस्वती. सर्वांत मोठी गंगा कोठी, उंची सुमारे 35 फूट. तिच्यात 25,000 खंडी धान्य मावायचं म्हणतात. एक खंडी म्हणजे वीस मण. करा गुणाकार, पाच लाख मण! भिंती चांगल्या जाडजूड दगडी. आत सोळा खण, प्रत्येक खणावर बसका घुमट आणि घुमटाच्या डोक्याला भोक. दोन्ही बाजूंच्या जिन्यांनी माणसं वर चढायची आणि त्या भोकांतून धान्य आत सोडायची. सपाट लाकडी छप्पर इथे कुजलं असतं. घुमटावरचं पाणी मात्र निथळून जातं, आणि पन्हाळ्याचा पाऊस तर तुम्हाला ठाऊकच आहे. 1660 साली सिद्दी जौहरने मार्चपासून जुलैपर्यंत गड वेढला होता. शिवाजी महाराज आणि त्यांची माणसं एवढे महिने आत तग धरून राहिली, त्यामागे गडावरचा हा साठाही होता.

असं कोठार सगळीकडे चालेल का? साठवायचा माल कापूस असेल, तर खरी भीती आगीची! इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या बंदरात गोदामं सारखी पेटायची. मग जेसी हार्टली या इंजिनिअरने एक प्रयोग केला. त्याने गोदामाचा नमुना उभारला, आत लाकूड आणि डांबर भरलं आणि चक्क पेटवून दिलं! कोणतं बांधकाम टिकतं ते असं डोळ्यांनी बघूनच त्याने अल्बर्ट डॉक बांधला. ओतीव लोखंडाचे खांब, विटांच्या कमानींवर पेललेले मजले, छप्परसुद्धा लोखंडी पत्र्यांचं. बांधकामात आधाराला लाकूड औषधालाही नाही. 1846 साली व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने, त्याचं उद्घाटन केलं. जहाज थेट गोदामाला येऊन भिडायचं. दोन वर्षांनी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या बसल्या आणि गाठोडी सरसर वर जाऊ लागली. पुढे 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि मुंबईहून आपल्याकडचा कापूस जहाजं भरभरून लिव्हरपूलला गेला. आज या गोदामांत संग्रहालयं आणि दुकानं आहेत.

लिव्हरपूल राहू द्या, पन्हाळा तरी गाठा. गंगा कोठीत उभं राहून मान वर करा आणि छताची भोकं मोजा. आणि आजोळी जुना वाडा असेल, तर आजीला विचारा, “आजी, बळद कुठंय गं?” बहुधा ती तुम्हाला माळवदावरच घेऊन जाईल.