'पारंपरिक' म्हणजे नेमकं कुणाचं?



'पारंपरिक' या शब्दावर माझा राग आहे. तसा शब्द चांगला, पण हल्ली तो हात झटकायला वापरतात. गाणं कुणाचं ते शोधायचा कंटाळा आला की खाली लिहायचं 'पारंपरिक'. झालं काम!

निमित्त सांगते. नातीच्या शाळेच्या (शाळा कुठली, ते सोडून देऊ) संमेलनाची पत्रिका घरी आली. त्यात छापलं होतं : 'हांव सायबा पलतडी वेतां - पारंपरिक कोळीनृत्य'. एका ओळीत दोन चुका. तीसेक वर्षं वह्या तपासलेला हात, लाल पेन शोधू लागला. पुण्याच्या पुतण्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणतो, "काकू, ते 'बॉबी'तलं गाणं ना?" घ्या, तिसरी!

आता एकेक करून बघू. हे कोळीगीत नव्हे. होडी आली म्हणजे कोळी आलेच, असा आपल्याकडे एक समज आहे. ही गोव्याची 'देखणी'. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात मांडो आणि दुलपद यांच्या जोडीनं वाढलेला हा नाचगाण्याचा प्रकार. साथीला घुमट. नाचणाऱ्या मुली ख्रिस्ती असल्या तरी साडी नेसून, फुलं माळून, हिंदू कलावंतिणींच्या ढंगात नाचायच्या. (घुमटाचं तोंड पूर्वी घोरपडीच्या कातड्यानं मढवत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला. उशिरा का होईना!)

आणि हे गाणं निनावीही नाही. ते कार्लोस युजेनियो फेरेरा यांचं. १८९५ साली ते पहिल्यांदा छापलं गेलं, आणि तेही पॅरिसमध्ये. पुढे १९२६ साली गोव्यात बास्तोड्याच्या रांजेल छापखान्यानं छापलं. म्हणजे कर्त्याचं नाव आहे, साल आहे, छापखाना आहे. यापेक्षा आणखी काय दाखला हवा? तुकोबांच्या अभंगाखाली आपण 'पारंपरिक' लिहितो का? मग पोर्तुगीज वळणाचं नाव आलं की आपल्या जिभेला गाठ का पडते?

गाण्यातली गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून सांगते. दामूच्या घरी लग्न आहे. मांडवात कलावंतिणींचा खेळ व्हायचा आहे. त्यांना नदीपलीकडे जायचंय आणि वाट माहीत नाही. (पलतड म्हणजे पलीकडचा काठ, आम्हा मालवणी माणसांना हे सांगायला नको.) त्या तारीला विनवतात, आम्हाला पार ने. तो नाही म्हणतो. मग अंगावरचा एकेक दागिना काढून पुढे करतात, हे घे, ते घे. तो प्रत्येक वेळी नको म्हणतो. शेवटी त्या नाचतात आणि तारी विरघळतो.

ठेका इतका खेळकर आहे की आपण टाळ्या वाजवत राहतो. पण मला हे गाणं कधीच नुसतं मजेचं वाटलं नाही. कामाच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी बायका अंगावरचं सोनं उतरवून द्यायला तयार आहेत, आणि समोरच्याला हवा आहे तो नाच! मुली बसवताना मी त्यांना हे सांगत असे. मग त्या नुसत्या गिरक्या घेत नसत, तारीकडे बघून नाचत.

आणि ती नदी! १५६० च्या सुमाराला कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून पलीकडे प्रियोळला गेला, तो पोर्तुगीजांपासून वाचण्यासाठी. आजचं मंगेशीचं देऊळ ते हेच. देवच पलतडी गेले म्हटल्यावर देवळाच्या सेवेतली गाणी-नाचही तिकडेच गेले. अलीकडच्या काठावर राहून ख्रिस्ती झालेल्या लोकांनी तीनशे वर्षांनी नाच रचला, तर कुणाचा? पलीकडच्या कलावंतिणींचा. हा अर्थ माझा आहे, फेरेरांनी तसं लिहून ठेवल्याचं मी म्हणत नाही. पण हे ध्यानात आलं की गाणं वेगळंच ऐकू येतं.

आता 'बॉबी'. १९७३, राज कपूर, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. विठ्ठलभाई पटेलांनी हिंदी शब्द लिहिले, 'ना मांगूं सोना चांदी'. गायले मन्ना डे आणि शैलेंद्र सिंग. बघा काय झालं ते. मूळ गाणं बायकांची विनवणी, ते दोन पुरुष गळ्यांत गेलं. मुळात सोनं देऊ करणारी बाई, नाकारणारा तारी. हिंदीत नायकच सांगतो की मला सोनं-चांदी काही नको, मला फक्त प्रेम हवं. नदी आटली, दामूचं लग्न मोडलं, कलावंतिणी गेल्या. उरला तो ठेका आणि ध्रुपदातला तो 'सायबा'. ऐकायला झकास आहे, मीही गुणगुणते. पण नकाराचं सोनं कुणी कुणाच्या हातून काढून कुणाच्या तोंडी घातलं, हे तरी कळू दे!

त्याच चित्रपटात लताबाई गायल्या आहेत. त्यांची आजी, म्हणजे मास्टर दीनानाथांच्या मातोश्री येसूबाई, त्याच मंगेशीच्या देवळात सेवेला होत्या. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याही गोव्याच्या कलावंत घराण्यांतल्याच. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. यापेक्षा लांबची पलतड कोणती! आणि ज्यांच्या नाचावर हे गाणं उभं आहे त्या कलावंतिणींचा साधा उल्लेखही निवेदनात येत नाही.

काही शुद्धतावादी मंडळी यावर मान डोलावून म्हणतील, "बरोबर, हिंदी सिनेमानं नासवलं." त्यांच्याशीही माझं भांडण आहे. मुळात फेरेरांचं गाणंच अस्सल कुठे होतं? कलावंतिणींच्या नाचाची ती ख्रिस्ती घरातली नक्कल, सुरावट अर्धी इकडची अर्धी युरोपातली. गाणी अशीच हिंडतात. त्यांनी हिंडूच नये असं म्हणणाऱ्यांनी घरात कडी लावून बसावं. पावसाळ्यात आमच्या आंबोलीच्या धबधब्यापाशी गाड्यांतून नाना अवतारांत हे गाणं वाजतं. वाजू दे. (आवाज जरा कमी केलात तर शेकरूंवर उपकार होतील, तो विषय वेगळा.) माझी तक्रार गाण्याच्या नव्या अवतारांविषयी नाही, पुसलेल्या नावाविषयी आहे.

नदीकाठचंच दुसरं एक गाणं घ्या. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' तुमच्यापैकी निम्म्यांनी कॅसेटवर ऐकलं असेल, बोनी एमचं, १९७८ चं. मूळ गाणं १९७० चं, जमैकातल्या मेलोडियन्स या त्रिकुटाचं, रेगे चालीतलं. ब्रेंट डो आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांनी रचलेलं. शब्द बायबलातल्या १३७ व्या स्तोत्राचे, परमुलखात बंदी होऊन नदीकाठी रडणाऱ्या ज्यूंचे. गुलामांच्या वंशजांनी ते आपल्या दुःखाला जोडलं, त्यात आपल्या रास्ताफारी पंथाचे शब्द घातले. बोनी एमनं ते शब्द काढून सरळ 'लॉर्ड' घातलं आणि त्यावर सारं युरोप नाचलं. म्हणजे धार तिथेही बोथट झालीच. पण निर्माते फ्रँक फारियन यांच्या नावाबरोबर डो आणि मॅकनॉटन ही नावं तबकडीवर राहिली. त्यामुळे आज कुणीही शोधत शोधत जमैकापर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे शोधणारा 'बॉबी'पाशीच थांबतो.

आपला कायदा तरी काय सांगतो? १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचं ५७ वं कलम बघा. पैशांचे हक्क विकले तरी 'ही कृती माझी' हे सांगायचा हक्क कर्त्याकडेच राहतो. नाव ही वेगळी चीज आहे, हे कायद्यालाही कळतं.

पुतण्याचा शेवटचा मुद्दा असा, "काकू, नाचणाऱ्याला नावाशी काय करायचंय? एवढं कोण बघतो?"

अरे, बघणारे असतात. ज्या प्यारेलालजींनी 'बॉबी'ला संगीत दिलं, त्यांना व्हायोलिन शिकवणारे गुरू गोव्यातल्या माजोर्ड्याचे. चार वर्षांनी, १९७७ साली, 'अमर अकबर अँथनी' आला. त्यातल्या अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभच्या तोंडी जे नाव आहे, अँथनी गोन्साल्विस, ते त्या गुरुजींचं. खरंखुरं नाव, खराखुरा माणूस. २०१२ साली ते गेले, तोवर सारा देश त्यांचं नाव गात होता, बहुतेकांना ते कोण हे माहीत नसतानासुद्धा.

शाळेच्या बाईंना मी पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर निवेदन लिहून पाठवलं आहे. "आता सादर होत आहे गोव्याची देखणी. रचना, कार्लोस युजेनियो फेरेरा. प्रथम प्रकाशन १८९५. दामूच्या लग्नाला निघालेल्या कलावंतिणी तारीला नदीपार नेण्याची विनंती करत आहेत." घड्याळ लावून वाचून पाहिलं. पंधरा सेकंद लागतात.