एकच राहिलंय!



परवा धाराशिवहून कळंबला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी सहावी-सातवीतला एक मुलगा बसला होता. गाडी स्टँडच्या बाहेर पडते न पडते तोच त्यानं दप्तरातून रबर लावलेला एक गठ्ठा काढला. मला वाटलं पत्ते असतील. पाहतो तर पोकेमॉनची कार्डं! एकेक कार्ड तो मांडीवर लावायला लागला. पिकाचू दिसल्यावर मला काही गप्प बसवेना.

"ह्याला मी तुझ्याएवढा होतो तेव्हापासून ओळखतो," मी म्हणालो.

मग काय, गट्टीच जमली! त्यानं मला सगळी कार्डं दाखवली आणि शेवटी म्हणाला, "काका, फक्त एकच राहिलंय. ते मिळालं की झालं."

"त्या एकासाठी किती पाकिटं घेतलीस?"

तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. तेवढ्यात येडशी आली आणि तो उतरून गेला. माझं सांगायचं राहूनच गेलं. ते आज तुम्हाला सांगतो.

जपानी कार्टूनचं वेड आपल्याकडे काही आजचं नाही बरं का! त्यांना तिकडे अ‍ॅनिमे म्हणतात आणि चित्रकथांच्या पुस्तकांना मांगा. तुमच्या आईबाबांना मोगलीबद्दल विचारा. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारा तो मोगली १९८९ साली जपानमध्ये तयार झाला होता. हिंदीत त्याचं गाणं लिहिलं गुलजारांनी आणि शेरखानला आवाज दिला आपल्या नाना पाटेकरांनी. मोगली जपानी आहे, हे तेव्हा किती जणांना ठाऊक होतं?

माझ्या पिढीला वेड लावलं ते पोकेमॉननं. २००३ साली ही मालिका आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर सुरू झाली. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या गल्लीत केबल आली होती, पण वीज कुठे होती? भारनियमन! ऐन मारामारीच्या वेळी टीव्ही बंद. मग दुसऱ्या दिवशी शाळेत ज्याच्या भागात वीज होती, त्याला गाठायचं आणि गोष्ट ऐकायची. मी त्यासाठी एक दोनशे पानी वहीच केली होती. तारीख, गोष्ट काय झाली, कोणता नवा पोकेमॉन दिसला, आणि वीज नसेल तर गोष्ट कुणी सांगितली, असे चार रकाने. शेजारी पेन्सिलीनं चित्र.

त्याच सुमारास वेफर्सच्या पाकिटात पोकेमॉनच्या गोल चकत्या मिळायला लागल्या. पाकीट पाच रुपयांचं. आत कोणती चकती आहे, ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. पहिल्या पहिल्यांदा काय मजा! दर पाकिटात नवी चकती. मग डबल यायला लागल्या. मग तिबल! असं करत माझ्याकडे एकोणपन्नास वेगवेगळ्या चकत्या जमल्या. आम्ही मुलांनी केलेल्या यादीत होत्या पन्नास. एकच राहिली होती.

आता जे सांगतो, ते सांगायला मला आजही जड जातं. माझी आजी दर वर्षी कोजागरीला तुळजापूरला जायची. त्यासाठी ती वर्षभर तांदळाच्या डब्यात पैसे साठवायची. त्या डब्यातून मी पाच रुपये घेतले. दोन दिवसांनी आणखी पाच. असं सतरा वेळा! पंच्याऐंशी रुपयांची पाकिटं फोडली आणि ती चकती काही निघाली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आजीनं पैसे मोजले. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदाही मोजले. तिनं कुणावरही संशय घेतला नाही. आईला एवढंच म्हणाली, "मलाच मोजाया येईना झालंय बघ. म्हातारपण आलं."

ती रागावली असती तर मी कदाचित खोटं बोललो असतो. पण ती स्वतःलाच दोष देत बसली होती. ते मला बघवेना. रात्री तिच्याजवळ जाऊन मी सगळं सांगितलं. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "घावली का मग ती चकती?"

"नाही."

"मग रं लेकरा?"

बस, एवढंच. त्या वर्षी तिनं देवीला नुसता नारळ नेला, खण नेला नाही. दिवाळीत फटाक्यांसाठी मिळालेले पैसे मी त्या डब्यात टाकले. पण तो खण राहिला तो राहिलाच.

आणि ती चकती? ती महिनाभरानं मिळाली, अगदी फुकटात. मागच्या बाकावरच्या माझ्या मित्राकडे तीच चकती तीन वेळा आली होती. त्याला हव्या होत्या माझ्याकडच्या दोन डबल. मी कधी विचारलंच नव्हतं!

आता एक गंमत करून बघा. सापशिडीतला फासा घ्या आणि टाकत जा. एक ते सहा हे सगळे आकडे निदान एकदा येईपर्यंत थांबायचं नाही. किती वेळा टाकावा लागला, ते लिहा. असं दहा-वीस वेळा करा. कधी नऊ, कधी पंचवीस, पण सरासरी येईल १४-१५च्या आसपास. सहाच आकडे, मग इतके का? कारण पहिला आकडा नेहमीच नवा असतो. दुसरा नवा मिळायची शक्यता सहात पाच. असं कमी कमी होत शेवटच्या आकड्याला सहात एक! म्हणजे त्या एकट्यासाठीच सरासरी सहा वेळा फासा टाकावा लागतो.

हेच पाकिटांना लावा. चित्रं पन्नास असतील आणि सगळी सारखीच छापली असतील, तर सगळी मिळायला सरासरी २२५ पाकिटं लागतात. त्यातली ५० पाकिटं एकट्या शेवटच्या चित्रासाठी! पाच रुपयांच्या हिशेबानं अडीचशे रुपये झाले. काही चित्रं मुद्दाम कमी छापली असतील, तर आणखीच जास्त. माझ्या सतरा पाकिटांत ती चकती निघाली नाही, हे काही माझं फुटकं नशीब नव्हतं. शंभर मुलांनी तसं केलं असतं, तर सत्तर जणांना ती मिळालीच नसती. "एकच राहिलंय" म्हणजे "थोडंच राहिलंय" असं नसतं, हे मला सातवीत कुणी सांगितलं असतं तर!

आणि गंमत अशी, की पोकेमॉन ज्यानं काढला त्याच्या मनात वेगळंच होतं. सातोशी ताजिरी त्याचं नाव. टोकियोजवळच्या माचिदा गावात लहानपणी तो किडे गोळा करायचा. पुढे तिथली शेतं, ओढे जाऊन इमारती आल्या. किडे शोधायची ती मजा नव्या मुलांना मिळावी, म्हणून त्यानं हा खेळ रचला. २७ फेब्रुवारी १९९६ला तो जपानमध्ये आला, तोही दोन प्रकारांत, लाल आणि हिरवा. काही पोकेमॉन फक्त लालमध्ये, काही फक्त हिरव्यात. सगळे हवे असतील तर दोन गेम बॉय यंत्रं वायरीनं जोडायची आणि मित्राशी अदलाबदल करायची. म्हणजे एकट्यानं पुरा होणारच नाही, असाच तो खेळ होता!

न दिसणाऱ्या वस्तूसाठी पैसे टाकायची युक्तीही जपानमध्ये जुनीच आहे. तिथे खेळण्यांची यंत्रं असतात. नाणं टाका, कळ फिरवा, गोळा बाहेर पडेल. आत काय, ते फोडल्यावरच कळणार! त्यांना म्हणतात गाचापोन. हीच युक्ती आता मोबाइलच्या खेळांत शिरली आहे. पेटी उघडा, नशीब बघा, पुन्हा पैसे भरा. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस, अशा पैशाच्या सोडतींना जपानच्या ग्राहक खात्यानं २०१२ साली बेकायदा ठरवलं. का, ते आता तुम्हाला फासा सांगेलच. पालकहो, मुलाच्या हातात फोन असेल आणि फोनमध्ये तुमचे पैसे, तर एकदा त्याच्याबरोबर बसून हा फासा टाका. रागावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

मग काय, जमवणं सोडून द्यायचं? छे, छे! आपल्याच जिल्ह्यातल्या तेर गावी जा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तिथे सापडणारे जुने मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर्षानुवर्षं जमवल्या. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तिथे आहे. एखादा मणी नुसता खिशात असला तर तो फक्त मणी. तो कुठे सापडला, किती जुना आहे हे कळलं, की तोच सातवाहनांच्या काळाची गोष्ट सांगायला लागतो. संग्रह असा माहितीनं मोठा होतो.

माझ्या चकत्यांवरची चित्रं केव्हाच पुसली. वही मात्र अजून आहे. "वीज नव्हती" असं लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे एका मित्राचं नाव आहे. त्यातले काही आज पुण्याला आहेत, काही गावीच शेती करतात. नाव वाचलं की तो कसा हातवारे करून गोष्ट सांगायचा, ते आठवतं.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. तुम्ही जे काही जमवत असाल, त्याची एक यादी वहीत लिहा. काय आहे, कुणाकडून आलं, डबल काय आहे, राहिलंय काय. ती वही घेऊन वर्गात जा. आणि नवं पाकीट घ्यायच्या आधी मागच्या बाकावर बसणाऱ्याला एकदा विचारा!