खतें जाळलीं, आतां वही लिहा!

सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांच्या दारांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख कर्जाच्या खतांवर होता. तीं हिसकावून त्यांनीं जाळलीं. दंग्याचें लोण पुणें व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरलें. सरकारनें चौकशी नेमली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांना कर्जांतून दिलासा देणारा कायदा झाला. पण कागद जळाला तरी कागद लिहिण्याची विद्या जळत नाहीं. ती ज्याच्या घरीं होती, त्याच्याच घरीं राहिली. आमच्या घरीं राहिला तो शाईचा अंगठा.

या गोष्टीला दीडशें वर्षें होऊन गेलीं. आतां आपलीं मुलें-मुली हायस्कुलांत जातात. मग हिशेबाची विद्या अजून परक्याच्या घरीं कां?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या गांवचे एक सुतारमिस्त्री रंध्याच्या यंत्रासाठीं ५०,००० रुपये कर्ज काढावयास निघाले. कर्ज देणाऱ्याचा माणूस म्हणाला, “वर्षाला फक्त १२ टक्के, दोन वर्षांत २४ हप्ते, हप्ता २,५८३ रुपये.” मिस्त्री सही करणार, तोंच नववींतली त्यांची मुलगी म्हणाली, “बाबा, दर हप्त्याला मुद्दल फिटत जाणार, मग व्याज शेवटपर्यंत साऱ्या पन्नास हजारांवर कां?” संध्याकाळीं दोघें माझ्याकडे आलीं. घटत्या मुद्दलावर मांडून पाहिलें, तों व्याज वर्षाला २१ ते २२ टक्क्यांच्या घरांत गेलें! मिस्त्रींनीं कागद परत केला. त्या पोरीनें कोणतेंही खत जाळलें नाहीं. तिनें फक्त वाचलें.

हें शिक्षण कोठून दुरून आणावयाचें नाहीं. आपल्या राज्याच्या सध्याच्या पाठ्यपुस्तकांत आठवीला चक्रवाढव्याज आहे. नववी व दहावीच्या बीजगणितांत ‘अर्थनियोजन’ नांवाचा धडाच आहे. नववींत प्राप्तिकर, दहावींत जी.एस.टी., शेअर्स व म्युच्युअल फंड. पण आपण तो मार्कांपुरता उरकतों. बंधूंनो, पोटाची विद्या ती हीच!

दहावीचा निकाल लागला कीं घरोघर एकच घोष : सायन्स! कॉमर्स म्हणजे मागें पडलेल्या पोरांची जागा, असें आपणच ठरवून बसलों. चार्टर्ड अकौंटंट होण्याचा मार्ग तर पहा. दहावीनंतर नांव नोंदवितां येतें, बारावीनंतर पहिली फाउंडेशन परीक्षा देतां येते. बारावी कोणत्याही शाखेची चालते. त्या परीक्षेंत चार विषय : हिशेब, व्यापारी कायदा, गणित-तर्क-सांख्यिकी आणि अर्थशास्त्र. पुढें दोन वर्षें अनुभवी हिशेबनिसाच्या हाताखालीं उमेदवारी, तीही विद्यावेतन घेऊन. पण अकरावीला कॉमर्समध्यें गणित सोडतां येतें म्हणून आपलीं मुलें तें सोडतात, आणि मग याच दारांत अडखळतात. शिवाय उत्तरें इंग्रजींत किंवा हिंदींत लिहावीं लागतात, मराठींत नाहीं. म्हणून गणित सोडूं नका, आणि इंग्रजीची भीति आठवींतच मोडा.

कोणी म्हणतात, “आंकडेमोड आपल्या रक्तांत नाहीं.” वाहवा! ज्या कुणब्याला एकरी बियाणें तोंडपाठ, ज्या सुताराला ओंडका पाहून घनफूट कळतात, ज्या माळणीचा पाटीचा हिशेब बाजारांत तोंडीं जमतो, त्यांच्या रक्तांत आंकडे नाहींत, तर कोणाच्या?

तर आजपासून एवढें करा. घरांतील हायस्कुलांत जाणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं एक जमाखर्चाची वही द्या. उसाचें बिल, दुधाची पावती, बचत गटाचें पुस्तक, बँकेचें पासबुक हें सारें त्यानें वाचावें, वहींत उतरावें, आणि महिनाअखेर आई-बापांसमोर शिल्लक मोठ्यानें वाचून दाखवावी. मेळ बसला नाहीं तर रागावूं नका. चूक शोधावयास लावा. चूक शोधणें हाच या धंद्याचा प्राण आहे. मुलीला वगळूं नका. मिस्त्रींचें घर कोणी वांचविलें तें वर सांगितलेंच आहे.

आणि मुलांनो, एक गोष्ट तुम्हांस. उद्यां तुम्ही बँकेंत, कारखान्यांत, सोसायटींत हिशेबाच्या खुर्चीवर बसाल. समोर अंगठा उठविणारी एखादी म्हातारी येईल. तिला कागद वाचून दाखवाल, तर दीडशें वर्षांचें ऋण फिटलें. तिच्या अडाणीपणाचा फायदा घ्याल, तर सुप्याचा सावकार मेला नाहीं, फक्त त्याचें आडनांव बदललें, असें लोक म्हणतील.