'सुधारणे'चा कर्ता कोण?

'मुलाने अक्षर सुधारले' आणि 'मुलाचे अक्षर सुधारले' या दोन वाक्यांत एका प्रत्ययाचा फरक आहे. पहिला प्रयोग कर्मणी, दुसरा कर्तरी. क्रियापद मात्र जागचे हलत नाही. मराठीत पडणे-पाडणे, मरणे-मारणे अशा जोड्या आहेत. 'सुधारणे' एकाच रूपात सकर्मकही आहे आणि अकर्मकही. गंमत अशी की, त्याच्या विरोधी 'बिघडणे'ला ही सवलत नाही. तिथे कर्ता आणायचा तर 'बिघडवणे' म्हणावे लागते. बिघडवणारा भाषेने वेगळा दाखवला, सुधारणारा नाही.

'सुधारक' या नामात मात्र ही संदिग्धता उरत नाही. सुधारक म्हणजे दुसऱ्याला सुधारणारा. स्वतः सुधारलेल्याला तसे कुणी म्हणत नाही. आगरकरांनी १८८८ साली हेच नाव पत्राला दिले आणि समाजाला उघडपणे कर्मस्थानी बसवले. आपण कुणाचे तरी कर्म आहोत, हे समाजाला रुचत नाही. जिवंतपणीच आगरकरांची प्रेतयात्रा काढली गेली ती काय उगीच? त्याआधी १८७३ मध्ये जोतीरावांनी समाजाच्या नावात 'शोधक' शब्द घेतला होता. 'शोध' आणि 'शुद्ध' यांचा धातू एकच, शुध्. हिंदीत 'संशोधन' म्हणजे कायद्यातली दुरुस्ती, मराठीत नव्याचा धांडोळा. 'सत्यशोधक'मध्ये कर्मस्थानी सत्य आहे, माणूस नाही. मला हा फरक केवळ शाब्दिक वाटत नाही.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण समासात 'भाषा सुधारा' असा शेरा देतो. हे आज्ञार्थी रूप सकर्मक, आणि सुधारण्याचे कर्म म्हणजे त्याच्या घरची बोली! ऱ्हस्वदीर्घाची चूक ही १९६२च्या लेखननियमांची बाब आहे, ती जरूर दाखवावी. पण 'पानी' ही बिघडलेली 'पाणी' नव्हे. ते वऱ्हाडीतले रीतसर रूप आहे, ते फक्त प्रमाण लेखनात बसत नाही, एवढेच. या दोन्ही गोष्टींवर आपण एकच लाल रेघ मारतो, तेव्हा पहिल्या पिढीतला शिकणारा पुढच्या वेळी कमी लिहितो. चुका कमी झालेल्या दिसतात आणि आपण समाधानाने म्हणतो, 'भाषा सुधारली.' इथे ते क्रियापद अकर्मक होऊन बसते. 'प्रमाण लेखनात: पाणी' एवढे दोन-तीन शब्द समासात लिहायला लाल शाई फार लागत नाही.