उलटे न फिरलेले संच

किती मेगावॉट वीज उभी केली, याचे आकडे छापण्याची आपल्या राज्यकर्त्यांना मोठी हौस. ती कोणत्या वेळी हाती येईल, हे सांगण्याची निकड मात्र कोणालाच भासत नाही. २०१७ मध्ये रेवा येथील ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे ठरला, तेव्हा आम्हां मध्य प्रदेशवासीयांना अभिमान वाटला. तो गैर नव्हता. परंतु दिवेलागणीला त्या स्वस्त युनिटचा उपयोग काय? दुपारची वीज संध्याकाळसाठी राखण्याची सोय नसेल, तर सूर्यास्तानंतर पुन्हा कोळशाच्याच दारात उभे राहावे लागते.

राखणीची जुनी आणि खात्रीची रीत पाण्याचीच आहे. दुपारी वीज मुबलक असताना खालच्या तळ्यातील पाणी वर चढवावे, सायंकाळी ते खाली सोडून वीज घ्यावी. शंभर युनिट खर्चिले की पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. यावर ‘हा तर आतबट्ट्याचा व्यवहार’ असे म्हणणारे विद्वान भेटतात. पाणी चढवण्याचा खर्च आम्हां इंदूरकरांना कोणी शिकवू नये. १९७८ पासून हे शहर विंध्याचा घाट चढून आलेली नर्मदा पीत आहे, आणि त्या विजेचा भार हलका व्हावा म्हणून महापालिकेने जलूदच्या सौर प्रकल्पासाठी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. तरीही आम्ही म्हणतो की हा हिशेब नुसत्या वीस-पंचवीस युनिटांच्या तुटीचा नव्हे. दुपारी नकोशी झालेली वीज वाया घालवायची आणि सायंकाळी महाग वीज विकत घ्यायची, या दुहेरी तोट्याशी त्या तुटीची तुलना केली पाहिजे.

आता सरदार सरोवराकडे पाहा. तेथील नदीपात्रातील वीजघरात २०० मेगावॉटचे सहा संच आहेत आणि ते सर्व उलटे फिरून पाणी वर चढवू शकतील असे घडवलेले आहेत. २००५ ते २००६ या काळात ते सुरू झाले. मात्र चढवायचे पाणी खाली अडवून धरणारा गरुडेश्वरचा बंधारा तेव्हा नव्हताच. त्याचे काम पुढच्या दशकावर गेले. परिणाम असा की, २०२३ च्या सुमारास देशात अशा उलटसुलट चालणाऱ्या संचांची क्षमता सुमारे ४,७४६ मेगावॉट होती, पण प्रत्यक्ष पाणी चढवत होते ते सुमारे ३,३०६ मेगावॉटचेच. उरलेले १,४४० म्हणजे सरदार सरोवराचे १,२०० आणि मही नदीवरील कडाण्याचे २४०.

१९७९ च्या लवादाने या विजेचे वाटे ठरवले: मध्य प्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७, गुजरात १६. सरकारी चाकरीत जन्म गेल्यामुळे आम्हांला एक ठाऊक आहे. जे तिघांचे असते, त्याची फाइल कोणाच्याच टेबलावर नसते! किंमत मात्र ठरलेल्या माणसांनी चुकती केली. नंदुरबारचे मणिबेली, धारचे चिखल्दा आणि निसरपूर या गावांनी ती जमिनीने व घरांनी मोजली. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस भरला. त्या बदल्यात ज्या यंत्रांकडून दोन कामे घ्यायची होती, त्यांच्याकडून एकच घेतले गेले.

आणि आता सह्याद्री. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुमारे १३,००० मेगावॉटच्या अशाच प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केले. आमचा त्या तंत्रास विरोध नाही. उलट ते हवेच आहे. परंतु घाटात पहिला सुरुंग लागण्यापूर्वी नर्मदेच्या तिन्ही वाटेकऱ्यांनी एक साधा तक्ता प्रसिद्ध करावा: त्या सहा संचांनी कोणत्या तारखेपासून, दिवसाला किती तास पाणी वर चढवले. आणि नव्या प्रत्येक करारात असे कलम घालावे की, खालचे तळे पुरे झाल्याशिवाय वरच्या वीजघराचे उद्घाटन होणार नाही.