बाळंत होणाऱ्या बाईला आत एकटं का ठेवायचं?

परवा क्लिनिकमध्ये सातवा महिना लागलेली एक मुलगी तिच्या सासूबाईंबरोबर आली होती. काम थायरॉईडच्या गोळीचं होतं. रिपोर्ट बघितला, डोस वाढवून दिला. उठता उठता तिने विचारलं, "सर, डिलिव्हरीच्या वेळी माझी आई माझ्याजवळ थांबली तर चालेल का? दवाखान्यात सांगतात, लेबर रूममध्ये नातेवाईक नाहीत." मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आईचं आत काय काम? डॉक्टर असतात की."

मी काही स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. पण बाळंतिणीचं बीपी वाढलं, दम लागला, रक्त कमी पडलं, झटके आले की आम्हा फिजिशियन लोकांना बोलावणं येतं, आणि ते बहुतेक वेळा उशिराच येतं. म्हणून या विषयावर बोलायचा मला थोडाफार हक्क आहे असं मी समजतो. माझं उत्तर आधीच सांगतो: आईचं आत काम आहे. आई नसेल तर बहीण, जाऊ, शेजारीण, आशाताई, कुणीतरी एक ओळखीची बाई आत हवीच. तिला दाराबाहेर बसवणं हा जुना, सोयीचा आणि चुकीचा रिवाज आहे, आणि तो बंद झाला पाहिजे.

आधी जे चांगलं झालंय ते मान्य करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८-२० या काळात आपल्या राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला, देशात हाच आकडा ९७ होता. हे यश लहान नाही. घरी, कंदिलाच्या उजेडात होणारी बाळंतपणं परत आणा, असं मी मुळीच म्हणत नाही. पण घरातून दवाखान्यात येताना आपण एक गोष्ट मागे ठेवून आलो. घरी ती बाई एकटी नसायची. सुईण असायची, आई असायची, कंबर दाबून द्यायला कुणीतरी असायचं. दवाखान्यात आल्यावर तिला टेबल मिळालं, सलाईन मिळालं, आणि सोबत गेली.

याने काय बिघडतं? शरीराच्या भाषेत सांगतो. कळा येतात त्या ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे. माणूस घाबरला की शरीरात ॲड्रिनॅलिन वाढतं आणि ते कळांच्या विरुद्ध काम करतं. अनोळखी खोली, शेजारच्या टेबलावरचं ओरडणं, कुणीतरी खेकसतंय, अशा वेळी कळा मंदावल्या तर त्यात नवल काय? मग "प्रोग्रेस होत नाही" असा शेरा पडतो, कळा वाढवायचं इंजेक्शन लागतं, कधी सिझेरियन होतं.

यावर भरपूर अभ्यास झाला आहे. १९८० साली ग्वाटेमाला देशातल्या एका दवाखान्यातला प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथे काही बायकांजवळ बाळंतपणभर एक बाई बसवली. ती डॉक्टर नव्हती, नर्स नव्हती, त्या बाईच्या ओळखीचीही नव्हती. ती फक्त हात धरायची, पाठ चोळायची, बोलायची. जिच्याजवळ ती बसली, तिचा दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंतचा वेळ एकटीला ठेवलेल्या बाईच्या निम्म्याहून कमी भरला. प्रयोग लहान होता. पण पुढे १७ देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त स्त्रियांवरचे २६ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये आढावा घेतला गेला. त्यात अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियनचं प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने कमी, कळांचा काळ सरासरी चाळीस मिनिटांनी कमी, आणि अनुभव वाईट होता असं सांगणाऱ्या बायकाही कमी. एखाद्या गोळीने एवढं केलं असतं तर कंपन्यांचे प्रतिनिधी ती घेऊन आमच्या दारात रांगा लावून उभे राहिले असते. सोबतीला एमआर नसतो, एवढीच अडचण!

अशी सोबत करणाऱ्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या बाईला परदेशात 'डूला' म्हणतात. पुण्या-मुंबईतही आता फी घेऊन हे काम करणाऱ्या आहेत. ते ऐकून "ही मोठ्या लोकांची थेरं" असं वाटेल. तसं नाही. अमेरिकेत या कामाची सर्वात जास्त गरज पडली ती कृष्णवर्णीय स्त्रियांना. २०२१ मध्ये तिथे एक लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू जवळपास ७० आणि गोऱ्या मातांचे जवळपास २७ होते. देश तोच, यंत्रं तीच. आणि शिकलेली, कमावती बाईही यातून सुटत नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं २०१७ मध्ये सिझेरियन झालं. दुसऱ्या दिवशी तिला दम लागला. तिला आधी फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली होती, त्यामुळे काय होतंय हे तिने ओळखलं आणि सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करायचं औषध द्या, असं सांगितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामक औषधांमुळे ही काहीतरी बरळतेय. तिने हट्ट धरला तेव्हा स्कॅन झाला आणि फुप्फुसात गाठी सापडल्या. तिचं हे, तर बाकीच्यांचं काय? म्हणून तिथे त्याच वस्तीतल्या बायका डूला होऊन गरोदरपणापासून बाळंतिणीच्या बरोबर राहतात, आणि "ही काय सांगतेय ते ऐका" असं तिच्या वतीने डॉक्टरला सांगतात. ऑरेगन आणि मिनेसोटा या राज्यांनी गरिबांच्या सरकारी विम्यातून त्यांना पैसे द्यायला सुरुवात केली, नंतर आणखी राज्यं आली.

आता आपल्याकडे बघा. आपल्याकडे रंगाऐवजी जात, गरिबी आणि परगावचं असणं या गोष्टी ठरवतात, कुणाचं ऐकायचं.

दिवाळी झाली की आपल्या वाळवा, पलूस, कडेगाव भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडून येतात, आणि आपल्याच जत-आटपाडीकडूनही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा केला तर पैसे कापले जाणार. त्यातली सहा-सात महिन्यांची गरोदर बाई पहाटे थंडीत फडात उतरते, मोळ्या उचलते. तिच्या गावच्या आशाताईच्या वहीत तिचं नाव असतं, पण ती आशाताई तिकडे दोनशे किलोमीटरवर. इथल्या आशाताईच्या यादीत ती नसते. तपासणीचं कार्ड पेटीत, पेटी गावी. कळा सुरू झाल्या की ट्रॅक्टरवाल्याला गाठायचं, आणि दवाखान्यात आल्यावर पहिलं वाक्य ऐकायचं: "इतके दिवस कुठं होतीस?" याच बायकांच्या गर्भपिशव्यांचं काय झालं ते २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या सरकारी पाहणीत ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पोटात दुखतंय म्हणून गेलेल्या बाईचं नीट ऐकून घ्यायला वेळ लागतो. पिशवी काढायला त्या मानाने कमी लागतो.

एक जुनी गोष्ट सांगतो. मी एमडी करत होतो, नव्वदच्या दशकात. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. बाळंतिणींच्या वॉर्डात एका पेशंटला तपासून बाहेर पडत होतो, तेव्हा जिन्यात एका बाईने मला अडवलं. डोक्यावर पदर, हातात पितळी डबा. म्हणाली, "डाक्टर, माझी जाऊ आत हाय. कालधरनं डोकं धरून बसलीया. डोळ्यापुढं काजवं चमकत्यात म्हणती. म्या शिस्टरला सांगितलं, तर आत सोडंनात." ऊसतोडीच्या टोळीतली जाऊ, तिसरा दिवस. मी म्हणालो, "बघतो." माझ्या मनात आलं, रात्रभर झोप नाही, डोकं दुखणारच. मी माझा राउंड पुरा केला. दीड तासाने मला त्याच वॉर्डातून बोलावणं आलं. तिला झटके येत होते. बीपी १९० वर ११०. बाळंतपणानंतर कुणी मोजलंच नव्हतं. मॅग्नेशियम सल्फेट दिलं, सगळं केलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता, दुसऱ्या दिवशी ती गेली.

बाळंतपणानंतर डोकं दुखणं आणि डोळ्यांपुढे चमकणं हे झटके येण्याआधीचं लक्षण असतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं. त्या जावेला ते पाठ नव्हतं. पण काहीतरी बिनसलंय हे तिला आदल्या दिवशीच कळलं होतं, कारण ती त्या बाईला रोज बघत होती. आम्ही तिला भेटीच्या वेळेखेरीज आत येऊ देत नव्हतो, आणि बाहेर भेटली तेव्हा मी ऐकलं नाही. ती आत असती तर तिने आणखी दहा जणांना सांगितलं असतं. कुणीतरी बीपीचं यंत्र लावलं असतं.

असं लिहिलं की माझे व्यवसायबंधू रागावतात. त्यांचे आक्षेप मी अनेकदा ऐकले आहेत. "इन्फेक्शन होईल." हात धुतलेली, स्वच्छ गाऊन घातलेली एक बाई इन्फेक्शन आणते आणि दर दहा मिनिटांनी आत-बाहेर करणारे आपण आणत नाही? "जागा नाही, बाकीच्या बायकांची अब्रू." हा आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर पडदा आहे. पडद्याला किती पैसे लागतात? "नातेवाईक मारामारी करतात." डॉक्टरांवर हल्ले होतात, ते निषेधार्हच आहेत. पण मला विचाराल तर बंद दारामागे काय चाललंय हे तीन तास न कळलेला माणूस जास्त भडकतो. जिने आत सगळी धावपळ डोळ्यांनी बघितली, ती बाहेर येऊन सांगते की डॉक्टरांनी जिवाचं रान केलं.

आणखी एक कारण आहे, ते कुणी उघड बोलत नाही. सोबत कुणी असेल तर बाईवर खेकसता येत नाही. "तेव्हा नाही दुखलं का?" हे वाक्य लेबर रूममध्ये ऐकलं नाही असा डॉक्टर मला दाखवा. आईसमोर ते तोंडातून निघत नाही.

आणि गंमत म्हणजे हे सगळं सरकारी कागदावर आधीच मंजूर आहे! २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. ती स्त्री असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने उपचारात ढवळाढवळ करू नये, एवढ्याच अटी. खोलीत पुरेसा आडोसा असेल तर नवऱ्यालाही थांबता येतं. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात लेबर रूमचा दर्जा तपासताना ही गोष्ट बघितली जाते. त्याही आधीची, २००५ ची जननी सुरक्षा योजना आशाताईला सांगते की गरोदर बाईला दवाखान्यात घेऊन जा आणि घरी सोडेपर्यंत तिच्याजवळ राहा. प्रत्यक्षात आशाताई कुठे असते? दाराबाहेरच्या बाकड्यावर. रात्रभर. गरोदरपणातल्या तपासण्यांपासून बाळंतपणापर्यंतच्या सगळ्या कामाचे तिला या योजनेतून मिळून ६०० रुपये मिळतात, तेही वेळेवर नाही.

म्हणजे गावोगावी आपल्याकडे डूला आहेतच, फक्त आपण त्यांना आत घेत नाही आणि धड पैसेही देत नाही. कमी शिकलेल्या बायकांना हे काय जमणार, असं म्हणणाऱ्यांनी जामखेडला जाऊन यावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तिथे गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येक दलित, कित्येक निरक्षर होत्या. गरोदर बाईची तपासणी, धोका ओळखणं, बाळंतपण, हे सगळं त्यांनी केलं. माझी मागणी त्याहून खूप लहान आहे. आशाताईला लेबर रूममध्ये बसू द्या, त्या रात्रीचे वेगळे पैसे द्या, आणि साखर कारखान्याच्या हंगामात टोळ्यांमधल्या गरोदर बायकांची नावं इथल्या आशाताईच्या यादीत घाला. टोळी कुठे उतरली आहे हे कारखान्याच्या शेती विभागाला रोज माहीत असतं.

सोबतीने सगळं होतं असा गैरसमज मात्र नको. रक्तस्राव हात धरून थांबत नाही. त्याला औषध, रक्त आणि वेळेवर निर्णय लागतो. आणि सोबत त्या बाईने निवडलेली हवी. "आमच्या वेळी आम्ही हूं की चूं केलं नाही" असं सुनावणारी सोबत असण्यापेक्षा नसलेली बरी. (सासूबाईंनी रागावू नये. काही सासवा आईपेक्षा चांगल्या सोबतिणी असतात, हेही मी पाहिलंय.)

तर त्या मुलीला मी काय सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. सातव्या महिन्यातच दवाखान्यात विचारा, "आत कोण थांबू शकेल?" 'नाही' म्हणाले तर कारण विचारा. सरकारी दवाखाना असेल तर २०१६ च्या परवानगीचा उल्लेख करा आणि वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. खासगी असेल तर नाव नोंदवण्याआधीच ठरवून घ्या. सोबतिणीने आधीची फाईल एकदा वाचावी, रक्तगट माहीत असावा, जेवून यावं, फोन पिशवीत ठेवावा. आत तिने पाणी पाजावं, डॉक्टर हो म्हणाले तर चालवावं, पाठ चोळावी. आणि बाळ झाल्यावर सगळे बाळाकडे धावतात तेव्हा तिने आईकडे बघत राहावं.

काय बघायचं? तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय. डोकं ठणकतंय, नजर अंधुक होतेय. आडवं पडलं की दम लागतोय, छातीत दुखतंय. ताप, घाण वास. एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय. यातलं काहीही दिसलं तर पहिल्यांदा सांगा. ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, आणि "बीपी मोजा" असं स्पष्ट म्हणा. घरी गेल्यावरही पुढचे ४२ दिवस, म्हणजे आपला सव्वा महिना, हेच बघायचं, आणि असं काही झालं तर १०८ ला फोन करायचा.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग आईबरोबर मी पण थांबू का?" म्हटलं, आत एकीलाच घेतात. कोण ते तिला ठरवू द्या.