कार्डातले फोटो उडाले? पुढच्या दहा मिनिटांत तुम्ही काय करता, यावर सगळं ठरतं

समजा, भुसावळातलं मे महिन्यातलं लग्न आहे. पारा ४५ च्या पुढे गेलाय. वरण-बट्टीच्या पंगती उठल्यात आणि नवरदेवाचा मावसभाऊ कॅमेरा घेऊन कूलरसमोर बसलाय. कार्ड भरलं म्हणून तो दोन-चार खराब फोटो उडवायला जातो आणि घाईत बोट पडतं 'फॉरमॅट'वर. हळद, देवक, मंगलाष्टकं, सगळं गेलं. स्क्रीनवर एकही फोटो नाही.

आता त्याच्यापुढे प्रश्न असतो. पाठवणी अजून बाकी आहे आणि कार्ड तर रिकामं दिसतंय. मग बहुतेक जण जे करतात तेच तो करतो. गप्प बसतो, त्याच कार्डावर पाठवणीचे फोटो काढतो आणि 'घरी जाऊन बघू' म्हणतो.

खरं नुकसान इथे होतं. फॉरमॅटमुळे जेवढं गेलं नव्हतं, तेवढं पाठवणीच्या फोटोंमुळे जातं. कसं, ते समजून घेऊया.

समुद्राच्या तळाशी वाचलं, मग घरात का जातं?

जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेली 'टायटन' पाणबुडी पाण्याच्या दाबाने फुटली. आतले पाचही जण गेले. पुढे अवशेषांमध्ये टायटॅनियमच्या मजबूत कवचात बसवलेला एक कॅमेरा सापडला. त्यातलं ५१२ जीबीचं एसडी कार्ड शाबूत होतं. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यातून १२ फोटो आणि ९ व्हिडिओ मिळाले. ते त्या शेवटच्या फेरीचे नव्हते, कारण त्या वेळचं चित्रण दुसऱ्या ठिकाणी साठवलं जात होतं. पण कार्डात जे होतं ते वाचता आलं.

म्हणजे मेमरी कार्ड ही काही लगेच मरणारी वस्तू नाही. त्यात फिरणारा कुठलाही भाग नसतो. पडणं, थोडं भिजणं अनेकदा ते सहन करतं. त्याला खरा धोका असतो नव्या लिखाणाचा. एकदा जुन्या फोटोच्या जागेवर नवा फोटो लिहिला गेला की जुना कायमचा गेला. मग जगातली कुठलीही लॅब तो आणू शकत नाही.

डिलीट म्हणजे नेमकं काय होतं?

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. रावेर-यावलकडे एखाद्या केळीच्या बागेच्या सातबाऱ्यावरून मालकाचं नाव कमी झालं, म्हणून त्या क्षणी बाग उपटली जात नाही. झाडं उभीच असतात, फक्त कागदावर जमीन मोकळी दिसते. बाग खरी जाते ती नवा मालक येऊन नांगर घालतो तेव्हा.

कार्डातही असंच आहे. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर साधारणपणे 'फॅट ३२' आणि त्यापुढच्या कार्डांवर 'एक्सफॅट' नावाची नोंदपद्धत असते. कुठला फोटो कुठल्या जागेवर आहे, हे त्या नोंदवहीत लिहिलेलं असतं. फोटो डिलीट केला की त्याच्या नोंदीवर 'ही जागा मोकळी' अशी खूण होते. कॅमेऱ्यातला साधा फॉरमॅट पूर्ण नोंदवहीच कोरी करतो. फोटो मात्र बहुतेक वेळा जागच्या जागी असतात.

म्हणूनच ते परत आणता येतात. जेपेग फोटो सुरू होताना आणि संपताना ठरावीक खुणा असतात. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर नोंदवही बाजूला ठेवतं, पूर्ण कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतं आणि त्या खुणा शोधत फोटो उचलतं. फोटो परत येतात, पण नावं येत नाहीत. हळद आणि वरात एकत्र मिसळून येते. मोठे व्हिडिओ कार्डावर तुकड्या-तुकड्यांनी साठवलेले असू शकतात, त्यामुळे ते अर्धवट येण्याची शक्यता जास्त.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही कॅमेऱ्यांत 'लो लेव्हल फॉरमॅट' असा वेगळा पर्याय असतो. तो निवडला असेल तर फोटो परत मिळण्याची आशा फार कमी.

मग करायचं काय?

पहिलं, कॅमेरा बंद करा आणि कार्ड बाहेर काढा. एकही नवा फोटो नको. पाठवणी दुसऱ्या कार्डावर नाहीतर मोबाईलवर काढा.

दुसरं, एसडी कार्डाच्या कडेला छोटं बटण असतं, ते 'लॉक'कडे सरकवा. मायक्रो एसडीला हे बटण नसतं, पण ज्या अडॅप्टरमध्ये ते घालतो त्याला असतं.

तिसरं, कार्ड रीडरमधून कार्ड कॉम्प्युटरला लावा. 'हे कार्ड फॉरमॅट करायचं का?' किंवा 'दुरुस्त करायचं का?' असं विचारलं तर नाही म्हणा. दुरुस्ती म्हणजे पुन्हा त्याच कार्डावर लिखाण.

चौथं, जळगावला गोलाणी मार्केटसाठी गाडी काढण्याआधी मोफत सॉफ्टवेअर चालवून बघा. 'फोटोरेक' पूर्णपणे मोफत आहे, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. दिसायला ते काळ्या पडद्यावरचं आणि थोडं रुक्ष आहे, पण काम चोख करतं. विंडोजवर 'रेकुव्हा'ची मोफत आवृत्तीही चालते. जमत असेल तर आधी पूर्ण कार्डाची हुबेहूब प्रत, म्हणजे 'इमेज', कॉम्प्युटरवर काढा आणि शोधाशोध त्या प्रतीवर करा.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सापडलेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करू नका. कॉम्प्युटरच्या डिस्कवर करा. ही चूक खूप जण करतात. एका हाताने उचलतात आणि दुसऱ्या हाताने पुसतात.

कार्ड कॉम्प्युटरला दिसतच नसेल तर दुसरा रीडर वापरून बघा. तरीही दिसलं नाही तर काम सॉफ्टवेअरच्या पलीकडचं आहे. तिथे लॅबमध्ये थेट चिपशी जोडणी करावी लागते आणि खर्च हजारोंच्या घरात जातो. घरी खोलू नका. कुणी कार्ड न बघताच 'शंभर टक्के फोटो आणून देतो' म्हणत असेल तर तिथून उठा. पैसे देण्याआधी फोटो पूर्ण आकारात उघडून दाखवायला सांगा. फोटोच्या फाईलमध्ये एक छोटी प्रतिमाही दडलेली असते. ती नीट दिसते, पण मूळ फोटो अर्धा करडा असू शकतो.

मोबाईलमध्ये हे का चालत नाही?

मोबाईलच्या आतल्या मेमरीचा हिशोब वेगळा आहे. तिथला डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असतो आणि मोकळी झालेली जागा फोन स्वतःच साफ करत राहतो. म्हणून 'डिलीट झालेले फोटो एका क्लिकमध्ये परत' म्हणणाऱ्या ॲपवर विसंबू नका. असं ॲप फोटो आणो न आणो, तुमच्या पूर्ण गॅलरीची परवानगी मात्र घेतं. त्याऐवजी आधी ट्रॅश बघा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. आयफोनच्या 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस.

नाण्याची दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून बरं वाटलं असेल. पण जे तुम्हाला जमतं ते दुसऱ्यालाही जमतं.

ब्रिटनमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १०० जुनी मेमरी कार्डं विकत घेऊन तपासली. ३६ कार्डं पुसलेलीच नव्हती. २९ फॉरमॅट केलेली होती, तरी त्यातला डेटा परत मिळाला. नीट पुसलेली निघाली फक्त २५.

जुना कॅमेरा विकताना, फोन एक्स्चेंजला देताना किंवा कार्ड मित्राला देताना हा आकडा आठवा. 'मी सगळं डिलीट केलंय' याचा अर्थ घरातल्या लेकी-सुनांचे फोटो, आधार कार्डाचा फोटो, बँकेच्या पासबुकाचा फोटो त्यात नाही, असा होत नाही. कार्ड देण्याआधी कॉम्प्युटरवर 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. फारच खासगी काही असेल तर कार्ड विकूच नका, तोडून टाका.

कोर्टाचा विषय असेल तर?

कार्डात अपघाताचं, मारहाणीचं किंवा निवडणुकीतल्या गडबडीचं चित्रण असेल तर स्वतः सॉफ्टवेअर चालवू नका. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद आठवतो का? अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर घेतले का, यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून पुढे आलं. त्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला स्पष्ट केलं की, डिजिटल चित्रणाची प्रत द्यायची तर ठरलेलं प्रमाणपत्र लागणारच. मूळ उपकरणच मालकाने कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात आता 'हॅश व्हॅल्यू'ही द्यावी लागते. ही त्या डेटाची डिजिटल बोटखूण. आतलं एक अक्षर बदललं तरी खूण बदलते. म्हणून असं कार्ड लॉक करा, पाकिटात घाला आणि पोलिसांकडे किंवा वकिलाकडे द्या.

भुसावळातली एक कबर

शेवटी पुन्हा भुसावळात येऊ. इथे मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. पारोच्या गोष्टीमुळे आणि २०१२ च्या 'अजिंठा' सिनेमामुळे हे नाव अनेकांना माहीत आहे. १८४४ पासून जवळपास वीस वर्षं त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं कॅनव्हासवर उतरवली. ती लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. वाचली ती थोडी, जी त्या वेळी तिथे टांगलेली नव्हती. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाविद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रती केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या आगीत गेल्या.

पण गिल यांनी अजिंठ्याचे फोटोही काढले होते. ते १८६४ मध्ये पुस्तकात छापून आले, त्याच्या प्रती ठिकठिकाणी गेल्या आणि ते फोटो आजही बघायला मिळतात. वीस वर्षांची चित्रं एकाच इमारतीत होती, ती गेली. फोटो चार ठिकाणी होते, ते राहिले.

रिकव्हरी सॉफ्टवेअर हा नशिबाचा भाग आहे. लग्नाच्या रात्री झोपण्याआधी कार्डातले फोटो लॅपटॉपवर आणि एका हार्ड डिस्कवर उतरवायला तासभर लागतो, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या घरी ठेवायला काहीच लागत नाही. मावसभावाला एवढं सांगून ठेवा. आणि हो, पाठवणीसाठी दुसरं कार्डही द्या.